खारं पाणी, मे महिना आणि डुकराच्या केसांचा ब्रश

डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश नवा असताना वास मारतो, हे आधीच सांगून टाकतो. कोरडा असताना काही कळत नाही, पण कोमट पाण्यात बुडवला की पाच मिनिटांत घरातलं कुणीतरी विचारतंच, बाथरूममध्ये काही मेलंय का म्हणून. घाबरायचं नाही आणि लगेच रिटर्नलाही टाकायचा नाही. प्राण्याचा केस आहे, कारखान्यात धुऊन उकळून आलेला असला तरी थोडा वास राहतोच. शाम्पूनं दोनतीनदा धुवायचा, मग रोज साबणाचा फेस करत राहायचं, साधारण आठवडाभरात जातो. ज्याचा महिना झाला तरी जात नाही त्याचा ब्रश नीट वाळत नाहीये असं समजायचं. वाळण्याचा विषय मोठा आहे, त्याच्याकडे येतोच.

हे लिहायला बसलो कारण आमच्या जळगाव-भुसावळकडे हल्ली बरेच जण ऑनलाइन बघून असले ब्रश मागवायला लागलेत, कुणी इटलीचा ओमेगा, कुणी पोर्तुगालचा सेमोग, आणि पंधरा दिवसांत वैतागून कपाटात टाकतात. टोचतो भो, फेसच होत नाही, केस गळतात, पैसे गेले. एवढ्या जणांचं ऐकून माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा ब्रशचा काही दोष नसतो, दोष पाण्याचा असतो. ब्रश मुरवायच्या, म्हणजे वापरून वापरून मऊ करायच्या, ज्या काही सूचना मिळतात त्या सगळ्या युरोप-अमेरिकेतल्या माणसांच्या, तिथल्या नळाच्या पाण्यावर आणि तिथल्या गारठ्यावर बेतलेल्या. (लंडनचं पाणीही जडच असतं म्हणा, पण तिथं मे महिन्यात 45 डिग्री नसते.) त्या सूचना जशाच्या तशा रावेर-यावलच्या बोअरच्या पाण्यावर चालवल्या की माणूस ब्रशला शिव्या देणारच.

आधी केसाबद्दल थोडं, कारण ते कळलं की निम्मं काम होतं. हा केस बुडाशी जाड असतो, टोकाकडे निमुळता होत जातो आणि टोकाला मुळातच फाटलेला असतो, एकाची दोन-तीन बारीक टोकं. ही फाटलेली टोकं गालाला मऊ लागतात आणि फेस धरून ठेवतात. नव्या ब्रशात ती थोडीच फाटलेली असतात म्हणून तो टोचतो. जसजसा भिजतो, गालावर घासला जातो, वाळतो, परत भिजतो, तसतशी टोकं अजून फाटत जातात, वरचा भाग मऊ होतो, पण बुडखा ताठच राहतो. वर मऊ आणि खाली ताठ, हीच या ब्रशची खरी मजा, आणि पाच-पन्नास रुपयांच्या नायलॉनच्या ब्रशात ती मिळत नाही. हल्ली चांगले सिंथेटिक ब्रश निघालेत, पहिल्या दिवसापासून मऊ, भिजवायची कटकट नाही, ज्याला सकाळी सातची पॅसेंजर पकडायचीय त्यानं तेच घ्यावेत, माझं काही म्हणणं नाही. आणि बिज्जूच्या म्हणजे बॅजरच्या केसांचे असतात ते पाणी जास्त धरतात, महागही असतात, त्यांचा विषय वेगळा.

रंगारी लोकांना हे सगळं कधीचं माहितीये. ऑइल पेंटचे चांगले ब्रश याच केसांचे असतात, फाटलेल्या टोकात रंग धरून राहतो आणि भिंतीवर किंवा दारावर रेघ उमटत नाही. आपल्याकडे कानपूर ब्रिटिशांच्या काळापासून या केसांच्या धंद्यासाठी नावाजलेलं, आणि उत्तर प्रदेशातल्याच बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे गाव तर ब्रशच्या धंद्यावरच चालतं. आमच्याकडे दिवाळीआधी जो पेंटर यायचा तो नवा ब्रश कधीच थेट दारावर लावायचा नाही, आधी एखाद्या खरबरीत भिंतीवर कोरडाच घासायचा, चार सुटे केस झटकून टाकायचा, मग कामाला. त्याला कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता.

केस खरा की नायलॉन हे बघायचं असेल तर गळून पडलेला एखादा केस चिमट्यात धरून काडी लावायची. खरा असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांनी चुरडला की राख होते, नायलॉन असेल तर वितळून टोकाला टणक मणी होतो. रंगावर जाऊ नका, पांढऱ्या केसांवर काळे पट्टे मारून बॅजरसारखे दिसणारे ब्रश सर्रास मिळतात.

आता पाणी.

खान्देशात ज्यानं घर केलंय त्याला जड पाण्याबद्दल काय सांगायचं. तुरीची डाळ शिजत नाही, बादलीला आतून पांढरा थर चढतो, शॉवरची भोकं सहा महिन्यांत बुजतात, गिझरची कॉइल जाते. पट्ट्यात केळी वाढली तशी बोअर खोल गेली, आणि पाणी जितकं खोलवरून येतं तितकं बऱ्याच ठिकाणी खारं लागतं. नळाचं पाणी त्यामानानं बरं असतं पण आमच्या कॉलनीत ते दिवसाआड येतं, त्यामुळे बाथरूमच्या टाकीत काय आहे, नळाचं की बोअरचं की दोघांची भेसळ, हे नक्की कुणालाच माहिती नसतं.

या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि साबणाचं त्यांच्याशी अजिबात पटत नाही. दाढीच्या साबणातला मुख्य माल म्हणजे स्टिअरिक ॲसिडचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार, ते विरघळतात म्हणून फेस होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्यातल्या स्टिअरिकला धरून बसतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा गाळ होतो. म्हणजे तुम्ही ब्रश वडीवर घासताय, घासताय, आणि पहिला बराचसा साबण फेस व्हायच्या आधीच गाळ होऊन चाललाय. वरून हा गाळ जातो कुठे, तर केसांच्या मुळाशी. ब्रश वाळला की केस कडक आणि चिकट लागतात, माणूस म्हणतो ब्रश मऊ होण्याऐवजी जास्तच टोचायला लागला, आणि खरंच टोचतो, पण ते केस टोचत नाहीत, केसांवर बसलेलं आपलं बोअर टोचतं.

उपाय फार सोपा आहे. ब्रश भिजवायला आणि फेस करायला पाणी लागतं किती, एक कपभर. ते एक कप आरओचं घ्या, जारचं घ्या, पावसाळ्यात पन्हाळीचं धरून ठेवलेलं घ्या. आंघोळीला बोअर चालू द्या, ब्रशला नको. एवढा एक बदल केला की साबण निम्मा लागतो आणि ब्रश लवकर मुरतो. ज्याला एवढंही नको असेल त्यानं वडीऐवजी ट्यूबमधलं क्रीम वापरावं, कारण बऱ्याच क्रीममध्ये ईडीटीए नावाचा पदार्थ असतो, तो पाण्यातलं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो आणि साबणाला मोकळं सोडतो. म्हणूनच आमच्या वडिलांच्या पिढीत ट्यूबवाले खूश होते आणि वडीवाले कायम कुरकुरत असायचे, पण कारण कुणी सांगितलं नव्हतं.

साबणाचा विषय निघालाच आहे तर थोडं घरचं कौतुक करून घेतो, चालवून घ्या. आजची विप्रो म्हणजे 1945 साली अमळनेरला निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, वनस्पती तुपाचा कारखाना, आणि त्याच तेलाच्या धंद्यातून त्यांचा 787 नावाचा कपड्यांचा साबण निघाला. बंगळुरूत कॉम्प्युटरवर बसलेल्या किती पोरांना हे माहिती असेल देव जाणे. आमच्याकडे 787 ची वडी घराघरात होती आणि ती विहिरीच्या पाण्यावर घासताना बायांचे हात भरून यायचे ते याच कॅल्शियममुळे. अर्थात कपड्यांच्या वडीनं दाढी करायची नाही, हे लिहायची गरज नव्हती, पण आमच्या एका चुलतभावानं एकदा केलीये म्हणून लिहिलं.

तर नवा ब्रश आला की करायचं एवढंच. शाम्पूनं धुऊन घ्यायचा. मग चांगलं पाणी कोमट करून, हात घातला तर सोसवेल इतपतच, कपात अर्धे-पाऊण केस बुडतील असा उभा ठेवायचा, पहिल्या काही वेळा पंधरा-वीस मिनिटं आणि मुरल्यावर पाच-सात मिनिटं, म्हणजे तोवर चहा होतो. हा केस पाणी आत शोषून घेतो, बॅजरसारखं फक्त केसांच्या मधे धरून ठेवत नाही, म्हणून भिजवल्याशिवाय वापरला तर तो तुमच्या फेसातलंच पाणी पिऊन टाकतो आणि गालावर कोरडी पेस्ट राहते. फेस होत नाही म्हणणाऱ्यांतले निम्मे इथंच अडलेले असतात. उकळतं पाणी मात्र कधीच नाही. केस खराब होतात आणि मुठीत केसांचा जुडगा ज्या गोंदानं बसवलेला असतो तो गोंद सुटतो. आमच्या आतेभावानं नवा ब्रश निर्जंतुक करायचा म्हणून पातेल्यात उकळला, मूठ एका हातात आणि केस दुसऱ्या हातात आले.

भिजला की पाणी हलकं झटकून वडीवर गोल गोल फिरवायचा आणि दाढी करायची नसली तरी तळहातावर फेस करायचा, धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी परत. पूर्ण वाळू द्यायचा यावर जोर आहे. नुसता भिजत ठेवून ब्रश मुरत नाही, ओलं-कोरडं ओलं-कोरडं झालं तरच टोकं फाटतात. कुणी म्हणतं रात्रभर पाण्यात ठेवा म्हणजे एका रात्रीत तयार, तसलं काही होत नाही. आमच्या आजीनं मांड्यांसाठी नवं खापर आणलं की पहिल्याच दिवशी त्यावर पुरणाचा मांडा टाकायची नाही, आधी चार दिवस नुसतं तापवून निववून ठेवायची, तसंच हे. दहा-पंधरा वेळा फेस झाला की फरक हाताला कळतो आणि महिना-दोन महिन्यांत ब्रश खऱ्या अर्थानं तुमचा होतो.

आणि इथं आपला मे महिना कामी येतो बरं का. युरोपातली माणसं लिहितात की ब्रश वाळायला चोवीस तास लागतात, एक दिवस वापरा, एक दिवस विश्रांती द्या, दोन-तीन ब्रश ठेवा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ 45 च्या वर गेलेलं असतं, उन्हाची झळ खिडकीतून आत येते, सकाळी आठला धुतलेला ब्रश दुपारच्या जेवणापर्यंत मुळापर्यंत खडखडीत. उन्हाळ्यात नवा ब्रश विकत घ्यायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ फेस करायचा, जून लागेपर्यंत तयार. माझ्या मते खान्देशात ब्रश घ्यायचा सीझन हाच, जसा पापड-कुरडयांचा तोच. फक्त ऊन थेट लागू द्यायचं नाही. सावलीत, वारा येईल तिथं. लाकडी मूठ असेल तर त्या खिडकीतल्या उन्हात दुपारभर राहिली की तडा जातोच, आत पाणी शिरून फुगायचं आणि वर ऊन, दोन्ही एकदम सोसत नाही लाकूड. प्लॅस्टिकच्या मुठीला तसलं काही नाही, दिसायला हलकी वाटते पण आपल्या हवेला तीच बरी.

ब्रश उलटा टांगायचा की सरळ ठेवायचा यावर लोक भांडतात. स्टँड विकणारे उलटाच टांगा म्हणतात. वापरून बघितलं, काही फरक पडत नाही. आधी हातात धरून पाणी पिळून काढलं, पिळा न देता नुसतं मुठीत दाबून, मग जोरात झटकलं, मग टॉवेलवर दोनचारदा रंग मारल्यासारखा फिरवला, की उरलेलं पाणी उलटं असो की सुलटं, हवा घेऊन जाते. बंद डब्यात किंवा प्रवासाच्या नळकांड्यात ओला ठेवला तर मात्र बुरशी येणार.

आता ज्याच्याबद्दल सगळे कुजबुजतात ते. डुक्कर.

आमची माय माळकरी. ब्रश आला तेव्हा तिनं हातात घेऊन बघितला, चांगला शे म्हणाली, आणि मग मी सांगितल्यावर तसाच खाली ठेवला. "हाऊ डुकरना केसस्ना शे? मंग देव्हाराजोडे नको ठेवू भाऊ." संपलं. भांडण नाही, उपदेश नाही, फक्त जागा ठरली, बाहेरच्या बेसिनची फळी, आणि तिथला कप दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. मला हे बरोबरच वाटतं. वर गंमत म्हणून मी तिला वराह अवताराची आठवण करून दिली तर म्हणे तो देव शे, त्याना केस कोनी उपटात नहीत.

आमचे दाढी-कटिंगवाले चाचा, ज्यांच्याकडे माझे वडील जायचे आणि अजूनही महिन्यातून एकदा मी जातो, त्यांच्याकडे एकदा हा ब्रश घेऊन जायचं डोक्यात आलं होतं. दुकानात पाय ठेवतानाच आधी सांगितलं कशाचाय ते. त्यांनी हात पुढे केलेला मागे घेतला आणि हसून म्हणाले, "हे नको साहेब, आमच्यात चालत नाही, तुम्ही घरीच वापरा, ज्याचा त्याला बरा." आणि त्यांचा नायलॉनचा ब्रश डेटॉलच्या पाण्यातून काढला. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, हा ब्रश कुणाच्या हातात देताना आधी तोंडानं सांगा. भेट द्यायचा असेल तर दहादा विचार करा. जळगावात तुमचा अर्धा मित्रवर्ग मारवाडी-जैन असतो, उरलेल्यात माळकरी असतात, मुसलमान असतात, आणि पॅकिंगवर बारीक इंग्रजीत ब्रिसल लिहिलेलं कुणी वाचत नाही. त्यांना सिंथेटिक द्या, तेही खूश, तुम्हीही.

बाकी नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जगात नायलॉनचे दात घासायचे ब्रश 1938 साली बाजारात आले, त्याआधी साहेब लोक ज्यानं दात घासायचे ते याच केसांचे होते. आणि जनावरांच्या केसांना घाबरायचंच असेल तर त्याला खरं कारणही एकदा झालेलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना स्वस्तातले ब्रश वाटले गेले, त्यातले बरेच घोड्याच्या केसांचे, आशियातून आलेले, आणि केस निर्जंतुक करायची नेहमीची व्यवस्था युद्धामुळे मोडलेली. त्यातून ब्रिटन-अमेरिकेत 200 च्या वर लोकांना अँथ्रॅक्स झाला, म्हणजे आपल्याकडे गुरांच्या बाबतीत काळपुळी म्हणतात तोच, दाढी करताना कापलेल्या जागेतून थेट आत. ब्रिटननं मग 1920 मध्ये जपानी दाढीच्या ब्रशची आयातच बंद केली. आता कारखान्यात केस निर्जंतुक होऊन येतात, त्यामुळे नवा ब्रश नावाजलेल्या कंपनीचा असेल तर काळजी नको. पण जुन्या बाजारात आजोबांच्या काळातला ब्रश दिसला तर मूठ घेऊन शोकेसमध्ये ठेवा, केस गालाला लावू नका. आणि स्वतःचा ब्रश दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही, हे तर सांगायला नकोच.

केस गळण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. पहिल्या आठवड्यात रोज दोनचार गळणारच, ते जुडग्यात नीट न चिकटलेले असतात. महिन्यानंतरही रोज फेसात केस दिसत असतील तर गोंद कच्चा आहे, बदलून मागा. मधोमध भोवरा पडून खळगा होत असेल तर तुम्ही फार दाबताय. गालावर ब्रश चेपायचा नसतो, टोकांनी फिरवायचा असतो. जे लोक ब्रश गालात खुपसून गोल गोल दळत बसतात त्यांचे केस मधून मोडतात, आणि मोडलेला केस परत ताठ होत नाही.

कितीही चांगलं पाणी वापरलं तरी काही महिन्यांनी मुळाशी साबणाचा पांढरा थर बसतोच, कारण धुताना नळच सोडला जातो, रोज रोज कोण जारचं पाणी ओतणार. तेव्हा एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी, त्यात पाच मिनिटं, मग खळखळून धुवायचा. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व चिमूटभर. पाणी गढूळ होतं ते बघून किळस येते पण ब्रश नव्यासारखा फुलतो. यापेक्षा जास्त काही करू नका. खोबरेल लावणारे, कंडिशनर चोपडणारे बघितलेत मी, तेल लागलं की फेस मेला.

पावसाळ्याचं तेवढं बघावं लागतं. आपल्याकडे पाऊस काही कोकणासारखा नाही, पण श्रावणात हवा ओली असते, ब्रश दुसऱ्या दिवशीही मुळाशी दमट लागतो, तेव्हा दोन ब्रश आलटून पालटून वापरायचे. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सातवर येतो तेव्हाही तेच. माझा साडू चिपळूणला असतो, माझं बघून त्यानं जूनमध्ये ब्रश घेतला, ऑगस्टपर्यंत मुळाशी काळे ठिपके आले, मला फोन करून म्हणतो तुझा ब्रश बोगस आहे. त्याला सांगितलं, पावसाळाभर सिंथेटिक वापर, हा दिवाळीनंतर बाहेर काढ. आणि मेमध्ये सुट्टीला इकडे येशीलच, तेव्हा नवा घेऊन ये, आठवडाभर राहा, आमच्या गच्चीच्या जिन्यात मुरवून देतो.